बहिणीसाठी बांधलेलं चर्च

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आज मी तुम्हाला एका चर्चबद्दल सांगणार आहे. बोलणारा मी मुसलमान, तेही कोकणातला आणि कविता लिहिणारा. तेव्हा 'याला चर्चचं काय पडलंय' असं कुणाच्या मनात आलं तर ते चुकीचं नाही. माझ्याही मनात आलं होतं. पण गोष्ट धर्माची कमी आणि दोन बहिणींची जास्त आहे. म्हणून सांगतो.

माझी मुलगी नर्स आहे. इंग्लंडच्या उत्तर टोकाला, स्कॉटलंडच्या सीमेजवळ, कार्लाइल नावाचं शहर आहे, तिथे ती नोकरी करते. 2023च्या मे महिन्यात मी तिच्याकडे सहा आठवडे राहून आलो. ती ड्यूटीवर गेली की मी घरात एकटाच. खिडकीतून पाऊस बघायचा आणि चहा करून प्यायचा. पाऊस आमच्या कोकणातही पडतो, पण तो काहीतरी ठरवून आल्यासारखा पडतो. तिथला पाऊस नुसता रेंगाळतो. एका सुटीच्या दिवशी मुलगी म्हणाली, "अब्बा, चला, तुम्हाला एक जुनं बांधकाम दाखवते. माझ्याबरोबरच्या नर्सनं सांगितलंय." मी म्हटलं, किल्ला असेल. निघालो.

कार्लाइलपासून आठेक किलोमीटर दक्षिणेला एक खेडं आहे. नाव लिहिताना आधी डब्ल्यू, मग आर, मग पुढची अक्षरं आणि शेवटी वाय. उच्चार मात्र 'रीआ'. लिहायचं एक आणि म्हणायचं दुसरं, हा इंग्रजांचा जुनाच छंद. बी.ए.ला इंग्रजी दुय्यम विषय घेतला होता, तेव्हापासून मी त्याचा मार खातोय. गाव म्हणजे एक शाळा, एक खानावळवजा पब, थोडी घरं, आजूबाजूला कुरणं आणि मेंढ्या. आणि मधोमध, झाडांच्या आड, सेंट मेरीचं चर्च. लाल-पिवळसर वालुकाश्मात बांधलेलं, बुटकं, टुमदार. मनोरा नाही, आकाशात घुसणारं टोक नाही. चित्रातली इंग्लिश चर्चं मी पाहिली होती. हे त्यांच्यातलं वाटेना.

दाराशी गेलो आणि थबकलो. दाराभोवती आणि खिडक्यांभोवती दगडात काय काय कोरलेलं होतं! फुलं, गव्हाच्या लोंब्या, भुंगे, फुलपाखरं, पक्षी, समुद्रातले शंख. वर पावसाचं पाणी सोडायच्या पन्हळींच्या जागी मगर, कासव, साप. आणि जिकडेतिकडे पाइनचं फळ, म्हणजे ते देवदाराच्या जातीच्या झाडाचं खवल्याखवल्यांचं लाकडी बोंड. देवदूत नाहीत, संत नाहीत. क्रूसही सहज नजरेला पडेना. मी सवयीनं चपला काढायला वाकलो. मुलगी हसायला लागली. आत एक वयस्कर बाई फुलदाण्यांतली फुलं बदलत होत्या. त्या म्हणाल्या, काढू नका, फरशी फार गार आहे. मी काढल्याच. फरशी खरोखरच गार होती.

हे चर्च सारा लॉश नावाच्या बाईनं बांधलं. बांधलं म्हणजे नुसते पैसे दिले असं नव्हे. आराखडा तिचा, नक्षी तिची, कामावर देखरेख तिची. काळ 1840 ते 1842, म्हणजे व्हिक्टोरिया राणी गादीवर येऊन तीन-चार वर्षं झालेली. बाईनं वास्तुविशारद व्हायचं ही कल्पनाच तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हती. साराचं वास्तुकलेचं रीतसर शिक्षण झालेलं नव्हतं. कॉलेजं तिच्यासाठी उघडीच नव्हती.

साराचा जन्म 1785च्या अखेरीचा. तिची बहीण कॅथरिन तिच्याहून दोन-तीन वर्षांनी लहान. वडील जॉन लॉश त्या भागातले मोठे जमीनदार. जमिनीखेरीज न्यूकॅसलजवळ वॉकर इथे त्यांचा आणि त्यांच्या भावांचा अल्कलीचा कारखाना होता. साबणाला आणि काचेला लागणारा सोडा तिथे तयार व्हायचा. धुराचा, वासाचा आणि भरपूर पैशाचा धंदा. न्यूकॅसलला राहणारे काका जेम्स लॉश हे सुधारक वकील. वर्ड्सवर्थ आणि कोलरिज या कवींशी त्यांची मैत्री होती. मुलींची आई लवकर गेली. एक भाऊ होता, पण तो मतिमंद होता, कारभार सांभाळणं त्याच्यानं होण्यासारखं नव्हतं. 1814 साली वडील वारले आणि सगळी इस्टेट दोघी बहिणींकडे आली.

इथे जरा थांबतो, कारण पुढची सगळी गोष्ट या एका मुद्द्यावर उभी आहे. त्या काळच्या इंग्लंडात बाईनं लग्न केलं की तिची मालमत्ता नवऱ्याच्या ताब्यात जायची. तो कायदा बदलायला 1870 आणि 1882 साल उजाडलं. लॉश भगिनींनी लग्नं केली नाहीत. का केली नाहीत हे त्यांचं त्यांना ठाऊक. पण केली नाहीत म्हणून जमीन त्यांची राहिली, पैसा त्यांचा राहिला आणि काय बांधायचं हे ठरवायचा हक्कही त्यांचाच राहिला. 1817 साली दोघी युरोपच्या प्रवासाला गेल्या. फ्रान्स पाहिला, इटली पाहिली. रोम, पॉम्पेई इथले अवशेष बघितले. साराला लॅटिन, ग्रीक, फ्रेंच, इटालियन येत होतं, गणितात गती होती. त्या प्रवासाच्या डायऱ्या तिनं लिहिल्या. एका चरित्रकारानं पुढे 1873 साली त्यांतला थोडा भाग छापला म्हणून आपल्याला त्या कळतात. मूळ वह्या गेल्या.

परत आल्यावर दोघींनी गावात शाळा काढली. मास्तरांसाठी घर बांधलं ते पॉम्पेईत पाहिलेल्या घराच्या धर्तीवर. विचार करा, ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या शहरातलं घर उत्तर इंग्लंडच्या पावसात उभं राहिलं आणि त्यात शाळामास्तर राहायला गेला! मला हे फार आवडलं. बायकांच्या हाती पैसा आला की त्या आधी शाळा बांधतात, हे मी आमच्याकडेही पाहिलं आहे.

मग 1835च्या फेब्रुवारीत कॅथरिन वारली. सत्तेचाळीस वर्षांची होती. सारा त्यानंतर अठरा वर्षं जगली आणि या अठरा वर्षांत तिनं जे जे बांधलं, ते या ना त्या रीतीनं कॅथरिनसाठी होतं.

गावातलं जुनं प्रार्थनाघर मोडकळीला आलं होतं. रीआमध्ये 'बारा जण' नावाची एक जुनी पंचायत आहे. गावातले बारा गृहस्थ, एक गेला की दुसरा निवडायचा. अशी शेकडो वर्षांची परंपरा, फेब्रुवारीच्या सुरुवातीला त्यांची वार्षिक बैठक भरते. आपल्याकडे पंचांची संख्या पाच, त्यांच्याकडे बारा, एवढाच फरक. साराचा प्रस्ताव असा होता : नव्या चर्चसाठी जागा मी देते, सगळा खर्च मी करते, अट एकच. ते कसं बांधायचं यात कुणी लुडबुड करायची नाही. गावानं मान्य केलं. फुकट मिळत असताना कोण नाही म्हणेल? सुमारे 1,200 पौंड खर्च आला. 1842च्या डिसेंबरात चर्चचा विधिपूर्वक प्रारंभ झाला.

ही अट तिनं का घातली असेल, ते त्या काळाकडे पाहिलं की कळतं. इंग्लंडात तेव्हा चर्च बांधणीची लाट आली होती. कारखान्यांमुळे वस्ती वाढत होती आणि पार्लमेंटनं 1818 साली त्यासाठी दहा लाख पौंड मंजूर केले होते. पुढे व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीत तर हजारो चर्चं नवी बांधली गेली किंवा जुनी मोडून दुरुस्त झाली. आणि चर्च कसं असावं याचे फतवेही निघाले होते. प्युजिन नावाचा तरुण वास्तुविशारद हिरिरीनं सांगत होता की टोकदार कमानींची गॉथिक शैली हीच खरी ख्रिस्ती शैली, बाकी सगळं पाखंड. 1839 साली केंब्रिजमध्ये याच विचाराची एक संस्था स्थापन झाली. कमान कशी हवी, वेदी कुठे हवी, लाकूडकाम कसं हवं, हे ती गावोगावच्या पाद्र्यांना शिकवू लागली. फतवा हा शब्द आमच्या लोकांच्याच नावावर जमा आहे, पण मंडळी, तो सगळीकडे निघतो.

साराला यातलं काही नको होतं. तिनं कमानी गोल केल्या. ख्रिस्ती धर्माच्या सुरुवातीच्या शतकांत इटलीत जशा सभागृहासारख्या साध्या इमारती असत, तसं सरळ दालन आणि टोकाला अर्धवर्तुळाकार गाभारा. तिच्या शब्दांत सांगायचं तर जुनी सॅक्सन किंवा थोडी बदललेली लाँबार्ड शैली. मोठा शहरी गुत्तेदार तिनं आणला नाही. गावचा गवंडी विल्यम हिंडसन, आसपासचे सुतार, अशा माणसांना हाताशी धरलं. त्यांना चित्रं काढून दिली, मातीचे नमुने करून दिले. अलाबास्टर नावाचा मऊ पांढरा दगड असतो. बाप्तिस्म्याच्या पाण्याचं मोठं भांडं त्या दगडाचं आहे. त्यावरच्या कोरीवकामाला तिनं स्वतः हात लावला. जमीनदारीण बाई, पन्नाशी ओलांडलेली, हातात छिन्नी घेऊन बसलेली. गावानं काय काय म्हटलं असेल!

आत काय आहे ते सांगतो. वेदी म्हणजे हिरवट संगमरवराची लादी आणि ती पेलणारे दोन पितळी गरुड. कमळं आहेत, दगडातली आणि लाकडातली. कमळ बघून मी चकित झालो. आपल्याकडचं हे फूल उत्तर इंग्लंडच्या खेड्यात कशाला आलं? पण कमळ इजिप्तचंही आहे. चिखलातून वर येणारं, रात्री मिटून सकाळी उमलणारं. साराला मरण आणि पुन्हा उमलणं, एवढंच सांगायचं होतं. त्यासाठी तिनं जगभरातून खुणा गोळा केल्या. मोठ्या खिडक्यांतल्या रंगीत काचा पॅरिसच्या आहेत. 1830च्या क्रांतीत तिथल्या आर्चबिशपच्या वाड्याची नासधूस झाली. तिथले फुटके तुकडे मिळाले, ते तिनं जोडून बसवले. मोडक्या काचांचा प्रकाशही छान पडतो.

मला सगळ्यांत जास्त वेळ उभं केलं ते छोट्या खिडक्यांनी. तिथे काच नाही. अलाबास्टरच्या पातळ चकत्या आहेत आणि त्यांत पानांचे आकार कापले आहेत. ही पानं साधी नाहीत, दगडी कोळशाच्या खाणीत सापडणाऱ्या जीवाश्मांची आहेत. कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेल्या नेच्यांची. न्यूकॅसलचा सगळा मुलूख कोळशाचा, साराच्या घराण्याचा पैसा त्याच मुलखातला. भूगर्भशास्त्र तेव्हा नवं होतं. लायेलचा ग्रंथ 1830 ते 1833 या काळात आला होता आणि पृथ्वी बायबलच्या हिशेबापेक्षा फार म्हातारी आहे हे शिकलेल्या लोकांना कळू लागलं होतं. डार्विनचं पुस्तक यायला अजून सतरा वर्षं होती. कित्येक पाद्री या विषयानं बेचैन होते. साराने ती मेलेली पानं उचलली आणि त्यांतूनच देवघरात उजेड आत घेतला. बाहेर ढग होते, तरी मधासारखा पिवळा उजेड येत होता. विजापूरला दगडी जाळीतून येणारा उजेड मी पाहिला आहे, त्याची आठवण झाली. जाळी कापणाऱ्या कारागिरानं आणि या बाईनं एकमेकांचं नावही ऐकलेलं नव्हतं.

आता पाइनच्या फळाबद्दल. विल्यम थेन नावाचा एक लष्करी अधिकारी साराचा स्नेही होता. वॉटर्लूच्या लढाईतून बचावलेला. तिथे ज्या एल्फिन्स्टनच्या हाताखाली तो लढला, त्याच एल्फिन्स्टनबरोबर पुढे तो काबूलला गेला. हा आपल्या मुंबईच्या कॉलेजवाला एल्फिन्स्टन नव्हे, दुसरा. थेननं अफगाणिस्तानातून साराला पाइनचं एक फळ पाठवलं. 1842च्या जानेवारीत काबूलची इंग्रज फौज माघारी निघाली. सुमारे साडेचार हजार सैनिक आणि त्यांच्यामागे बारा हजारांच्या आसपास बाजारबुणगे, बायकामुलं. बर्फात, खिंडींमध्ये ती जवळजवळ सगळी कापली गेली किंवा गारठून मेली. 13 जानेवारीला जलालाबादच्या तटावरच्यांना एकटा डॉक्टर ब्रायडन घोड्यावरून येताना दिसला, ते चित्र प्रसिद्ध आहे. थेन त्या माघारीत मारला गेला. सारानं त्या फळातलं बी चर्चच्या आवारात लावून त्याच्या नावानं झाड वाढवलं. चर्चच्या दारावर बाण कोरलेले आहेत, त्यांचा संबंधही लोक थेनच्या मरणाशी जोडतात.

त्या फौजेतले बहुतेक शिपाई इंग्रज नव्हते, हिंदुस्थानी होते. त्यांच्यामागचे बाजारबुणगे तर जवळजवळ सगळेच. भिश्ती, घोडेवाले, स्वयंपाकी. त्यांची नावं कुठल्या दगडावर आहेत? आपल्या मुंबईत कुलाब्याला अफगाण चर्च आहे, तुमच्यातल्या काहींनी बसमधून जाताना पाहिलं असेल. सिंध आणि अफगाणिस्तानच्या त्याच मोहिमांत मेलेल्यांच्या स्मरणार्थ ते बांधलं. 1847 साली पाया घातला, 1858 साली ते उघडलं. उंच टोकाचं, अस्सल गॉथिक. तिथल्या भिंतीवर नावं आहेत, ती साहेबांची. म्हणजे एकाच युद्धाशी दोन चर्चं जोडलेली, एक आपल्याकडे आणि एक रीआमध्ये. मी रीआला त्या बाईंना हे सांगितलं. त्यांना कुलाबा माहीत नव्हतं. त्यांनी वहीत लिहून घेतलं, स्पेलिंग विचारून. या बाबतीत साराला मी दोष देत नाही. ती आपल्या ओळखीच्या माणसासाठी रडत होती. माणूस आधी ओळखीच्यासाठीच रडतो.

आवारात कॅथरिनचं स्मारक आहे. चर्चमधलं काम जितकं नाजूक, तितकं हे ओबडधोबड. मोठमोठे अनघड दगड एकावर एक रचलेले, जणू राक्षसांनी रचलेत. लोखंडी दारातून आत पाहिलं तर शुभ्र संगमरवराची कॅथरिन बसलेली. डेव्हिड डनबर या शिल्पकारानं ती घडवली, सारानं इटलीच्या प्रवासात काढलेल्या रेखाचित्रावरून. कॅथरिनच्या हातात पाइनचं फळ आहे आणि ती मान खाली घालून त्याच्याकडे बघते आहे. आपल्याकडे बघत नाही. आईवडिलांसाठी सारानं एक उंच कोरीव क्रूसस्तंभ उभारला, जवळच्या बीवकासल गावच्या हजारेक वर्षांहून जुन्या स्तंभाच्या धर्तीवर. जवळच अंत्यविधीसाठी छोटं प्रार्थनाघर बांधलं. त्याचा नमुना पार दक्षिणेकडच्या कॉर्नवॉलमध्ये वाळूखाली गाडलेल्या एका प्राचीन प्रार्थनाघराचा. ते 1835 साली, म्हणजे कॅथरिन गेली त्याच वर्षी, उकरून काढलेलं होतं. गाडलेलं वर येतं, ही गोष्ट साराचा पिच्छाच सोडत नव्हती.

तिनं स्वतःसाठी काय केलं? काही नाही. 1853 साली ती वारली. दोघी बहिणी एकाच साध्या दगडाखाली शेजारी-शेजारी आहेत. 1869 साली रोसेटी हा कवी-चित्रकार इथे आला. चर्च बघून त्यानं पत्रात लिहिलं की ही बाई खरोखरच प्रतिभावान असली पाहिजे. रोसेटीचं नाव बी.ए.च्या पुस्तकात होतं, साराचं नव्हतं. 1967 साली पेव्हस्नर या इमारतींच्या थोर अभ्यासकानं तिची मनापासून तारीफ केली. 2012 साली जेनी अग्लो या लेखिकेनं तिच्यावर आख्खं पुस्तक लिहिलं, त्याचं नावही पाइनच्या फळावरूनच आहे. मुलीनं मला ते घेऊन दिलं. तीन महिने शब्दकोश घेऊन वाचलं.

आता माझं सांगतो. खरं म्हणजे एवढं सगळं सांगितलं ते याच्यासाठी.

मला एक मोठी बहीण होती. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बुबू म्हणतात. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. सातवीनंतर तिची शाळा सुटली, कारण पुढची शाळा नदीपलीकडे होती. माझी सुटली नाही. मला त्याच नदीपलीकडे पाठवायला सकाळी तीच उठायची. तिचं अक्षर मोत्यासारखं होतं. माझ्या पहिल्या कविता मासिकांना गेल्या त्या तिनं नकलून दिलेल्या. माझं अक्षर संपादकाला लागलं नसतं असं तिचं म्हणणं होतं आणि ते बरोबर होतं. एकदा एका कवितेतला शब्द तिनं नकलताना परस्पर बदलला. कविता छापून आली तेव्हा मला कळलं. मी भांडलो. तिचा शब्द चांगला होता, हे मी तिला कधी सांगितलं नाही.

अब्बा गेल्यावर घर आणि थोडी जमीन होती. आमच्या शरियतमध्ये मुलीला मुलाच्या निम्मा का होईना, पण ठरलेला हिस्सा आहे. तो कुराणात लिहिलेला आहे, कुणाच्या मेहेरबानीचा नाही. हे मी भाषणांत अनेकदा अभिमानानं सांगितलं आहे. पण सांगतो एक आणि घडतं एक. बुबू माहेरी आली, तहसील कचेरीजवळच्या टपरीवर आम्ही चहा प्यालो आणि तिनं हक्कसोडपत्रावर सही केली. मी मागितलं नव्हतं. नको असंही म्हटलं नाही. ती म्हणाली, "तुला घर बांधायचंय ना? मग कशाला कागद अडवायचे?" त्या मोत्यासारख्या अक्षरातली ती सही आजही माझ्या कपाटात आहे. घर मी बांधलं. दारावर पितळी पाटी आहे. तिच्यावर माझं नाव आहे.

2021च्या मे महिन्यात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, बुबू गेली. तिचं सासर दुसऱ्या जिल्ह्यात. रस्त्यात अडवणूक, इ-पास, चाचणी. मी पोचलो तेव्हा दफन होऊन दोन दिवस झाले होते. चार माणसांनी केलं म्हणे. मला तिच्यावर कविता लिहायची होती. दोन वर्षं लिहिता आली नाही. इतरांच्या मरणावर मी भराभर लिहितो, नेत्यांच्या तर जरा जास्तच भराभर.

रीआच्या त्या आवारात, ओल्या गवतात, मी साराचा विचार करत उभा होतो. सारानं बहिणीसाठी जे केलं ते दोघींच्या पैशांतून केलं, दोघींच्या जमिनीवर. तिला बहिणीचं काही परत करायचं नव्हतं. मला होतं. मुलीनं विचारलं, "अब्बा, रडताय?" मी म्हटलं, पाऊस आहे. पाऊस खरंच होता, त्यामुळे खपून गेलं.

परत आलो आणि बुबूच्या मुलांना बोलावलं. दोघं आहेत, मोठा रिक्षा चालवतो, धाकटीचं शिक्षण चालू आहे. म्हटलं, तुमच्या आईचा हिस्सा तुम्हाला द्यायचाय. मोठा म्हणाला, "मामू, आता कशाला? अम्मीनं दिलं ते दिलं." मी ऐकलं नाही. तलाठी, फेरफार, स्टँप पेपर यांत आठ महिने गेले. माझ्या बायकोचा एक प्रश्न होता, आणि तो रास्त होता : इतकी वर्षं का सुचलं नाही? त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. इंग्लंडातलं एक चर्च बघून सुचलं असं सांगितलं असतं तर तिनं मला वेड्यातच काढलं असतं. आज रेडिओवरून सांगतोय, ती ऐकत असेल.

बुबूच्या कबरीवर काही बांधायचं नाही हे आधीच ठरलेलं. आमच्यात कबर कच्ची असते, मातीची. डोक्याशी जांभ्याचा एक चिरा आहे, त्यावर नाव नाही. आमच्याकडे कबरीवर सब्जा लावतात. तुळशीसारखं रोप, वास असा की कब्रस्तानात शिरतानाच येतो. मी पावसाच्या सुरुवातीला बी घेऊन गेलो, माती मोकळी केली आणि पेरलं. आठ दिवसांत उगवलं. पंधराव्या दिवशी कब्रस्तानाच्या राखणदाराचा फोन आला की बकऱ्यांनी खाल्लं.

पुन्हा गेलो. या वेळी करवंदीच्या काटेरी फांद्या तोडून नेल्या होत्या. भाचा बरोबर होता. त्यानं रिक्षातून पाण्याचे दोन कॅन आणले. मी पेरलं, त्यानं चारी बाजूंनी काटे लावले. कविता अजून झालेली नाही. सब्जा मात्र आता गुडघ्याएवढा झालाय.